निगेटिव्हमध्ये काय काय उरतं

आमच्या घरच्या लाकडी कपाटात, सगळ्यात खालच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात बाबांच्या क्लिक थ्रीचे फोटो आणि निगेटिव्ह. अ‍ॅगफाचा तो काळा, हलका कॅमेरा एके काळी कितीतरी मध्यमवर्गीय घरांत होता. १२० नंबरचा रोल, बारा चौकोनी फोटो, ऊन की ढग एवढंच ठरवायचं आणि खटका दाबायचा. त्या डब्यातला एक फोटो मी लहानपणापासून बघत आलो होतो. साताऱ्याच्या घरासमोर नवी साडी नेसून आत्या उभी आहे आणि तिच्या मागे दरवाजाचा काळाकुट्ट चौकोन. स्टुडिओवाल्याने काढून दिलेली ती कॉपी निगेटिव्हएवढीच, जेमतेम सव्वादोन इंचांची.

चार वर्षांपूर्वी मी ते निगेटिव्ह स्कॅन केलं. आत्या नीट दिसू लागली, साडीच्या निऱ्या मोजता येऊ लागल्या. मग सावल्यांचा भाग जरा उजळून बघितला, तर त्या काळ्या चौकोनात चौकटीला हात टेकून आजी उभी होती. पन्नासेक वर्षं ती तिथेच होती. कॉपीच्या कागदाला ती पकडता आली नव्हती, निगेटिव्हने पकडली होती.

फिल्मवर फोटो काढायला नव्याने लागलेली मुलं-मुली भेटतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कुठला घेऊ? मी त्यांना सांगतो, कॅमेऱ्याचं नंतर बघू, रोल धुऊन झाल्यावर निगेटिव्ह कुणाकडे राहणार ते आधी ठरव. कॉपी, लॅबचा स्कॅन, मोबाइलवरचा फोटो ही सगळी त्या निगेटिव्हची वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या यंत्रांनी केलेली वाचनं आहेत. मूळ ऐवज एकच.

त्या ऐवजात नेमकं काय असतं ते एकदा समजून घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी, तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक. शटर उघडून प्रकाश आत आला की त्या स्फटिकांत चांदीचे मोजके अणू सुटे होऊन एका जागी जमतात. हा ठिपका इतका लहान असतो की तो सूक्ष्मदर्शकालाही सहज दिसत नाही. पण डेव्हलपरच्या द्रावणाला तो ओळखू येतो. असा ठिपका असलेला स्फटिक डेव्हलपर सबंधच्या सबंध काळ्या चांदीत बदलतो. मूठभर अणूंच्या खुणेचं कोट्यवधी अणूंत रूपांतर होतं. ज्या स्फटिकांवर प्रकाश पडलाच नाही ते हायपोमध्ये विरघळून जातात. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदून ठेवलं होतं. वीस वर्षांनी फोटोग्राफीचा जन्म झाला आणि चित्र टिकवायचं कसं हा प्रश्न आला, तेव्हा ती नोंद उपयोगाला आली. आजही त्याच कुळातली रसायनं फिक्सर म्हणून वापरतात.

यातून कामाची गोष्ट अशी निघते की सावलीत पुरेसा प्रकाश पोहोचलाच नाही तर ठिपकाच तयार होत नाही, आणि ठिपका नसेल तर जगातला कुठलाही डेव्हलपर तिथून काही काढू शकत नाही. उजेडाच्या बाजूला मात्र चांदी साचत जाते, निगेटिव्ह दाट होतं, तरी त्यातले फरक बराच काळ शिल्लक राहतात. म्हणून निगेटिव्ह फिल्मला उपाशी ठेवू नये. कलर निगेटिव्ह दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त प्रकाश पडला तरी बहुधा निभावून नेतं, दोन स्टॉप कमी पडला की सावल्यांचा चिखल होतो. डिजिटलवर हात बसलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण तिथे उजळ भाग जळण्याची भीती असते. स्लाइड फिल्मचा स्वभावही डिजिटलच्याच बाजूचा. तिथे अर्धा स्टॉप इकडे-तिकडे झाला तरी लगेच दिसतं.

लाइट मीटर नसला तरी अडत नाही. कडक उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या जवळचं ठेवायचं. १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा १/१२५, ४०० ची असेल तर १/५००. आभाळ भरून आलं की अ‍ॅपर्चर एफ/८ किंवा एफ/५.६ पर्यंत उघडायचं. मीटर असला तर त्याचा एक हट्ट लक्षात ठेवावा: समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं तो धरून चालतो. पांढऱ्या सदऱ्यांतल्या वारकऱ्यांनी चौकट भरली की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. तिथे आपण स्वतःहून एक-दीड स्टॉप वाढवून द्यायचा. माझ्या पहिल्या वारीच्या रोलमध्ये पागोटी राखाडी आणि चेहरे काळे आले होते. तेव्हापासून गर्दी पांढरी असली की मी आधी स्वतःच्या तळहातावर मीटर धरतो आणि तिथून एक स्टॉप वाढवतो.

रोल मिळणं ही पूर्वी विचार करण्याजोगी गोष्ट नव्हती. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मिळायचा. आपल्याकडे तर फिल्म बनतही होती. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० च्या दशकात उभा राहिला आणि ‘इंदू’ नावाची त्याची कृष्णधवल फिल्म देशभर खपायची. दवाखान्यांतली एक्स-रे फिल्मही तिथून यायची. तो कारखाना आता बंद आहे. आज आपल्या हातात पडणारी फिल्म दुरून येते. कोडॅक अमेरिकेतल्या रोचेस्टरहून, इलफर्ड इंग्लंडमधल्या मॉबर्लीहून, फोमा चेक प्रजासत्ताकातून. त्यावर आयात शुल्क, वाहतूक, डॉलरचा भाव. रोल, धुणं आणि स्कॅन मिळून दीड हजार रुपये धरले तर छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये एका खटक्याला एक्केचाळीस-बेचाळीस रुपये पडतात. १२० च्या रोलवर चौकोनी फोटो काढत असाल तर सव्वाशे. हा आकडा डोक्यात असला की हात आपोआप सावकाश होतो.

खर्च वाचवायला काही जण सिनेमाची फिल्म वापरतात. शंभर फुटांच्या डब्यातून छत्तीस फोटोंचे अठराएक रोल निघतात, अंधारात स्वतःच भरायचे. पण कोडॅकच्या पारंपरिक व्हिजन-३ फिल्मच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो, त्याला रेमजेट म्हणतात. तो आधी न काढता असा रोल नेहमीच्या कलर लॅबच्या मशिनमध्ये गेला तर सगळं रसायन खराब होतं आणि त्या दिवशी आलेल्या दुसऱ्यांच्या लग्नाचे, बारशाचे रोलही बिघडतात. म्हणून डबीवर मोठ्या अक्षरात लिहून, तोंडी सांगून मगच रोल द्यावा.

परदेशातून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांकडून रोल मागवण्याची चाल आपल्यात रुळली आहे. त्यांना एवढंच सांगावं की रोल मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हातातल्या सामानात ठेव आणि विमानतळावर हाताने तपासायला सांग. नव्या विमानतळांवर बसवलेल्या सीटी स्कॅनरमधून एकदाच गेला तरी रोलवर धुकं चढू शकतं.

कलर रोल मी लॅबला देतो. कृष्णधवल घरी धुतो आणि हा उद्योग प्रत्येकाने एकदा तरी करावा असं मला मनापासून वाटतं. पुस्तकं २० अंशांचा हिशेब देतात. कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून चालत आलेला आहे. इलफर्डची एचपी-५ प्लस त्यात २० अंशांवर साडेसात मिनिटांत धुतली जाते. मुंबईत मे महिन्यात नळालाच तीस अंशांचं पाणी येतं. त्या तापमानाला वेळ इतका कमी होतो की ओतण्या-काढण्यातच फिल्म कमी-जास्त धुतली जाते, पट्टे उमटतात. म्हणून आमच्याकडे आदल्या रात्री फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि वाट्यांमध्ये बर्फ. मोठ्या टोपात गार पाणी, त्यात डेव्हलपर, पाणी आणि फिक्सरची भांडी उभी करायची आणि तिन्हींचं तापमान सारखं झालं की सुरुवात करायची. एक गार, एक गरम असं झालं तर फुगलेल्या जिलेटिनला धक्का बसतो आणि सगळ्या फोटोवर भेगाळलेल्या चिखलासारखं जाळं पडतं.

खरी परीक्षा त्याच्याही आधी असते. रोल डबीतून काढून रीलवर चढवायचं काम पूर्ण अंधारात, चेंजिंग बॅगमध्ये हात घालून करायचं असतं. उन्हाळ्यात पाच मिनिटांत त्या बॅगेत घामाची वाफ धरते आणि प्लास्टिकचं रील जरासं दमट झालं की फिल्म मध्येच अडकते, पुढे सरकत नाही, ओढली तर दुमडते. यावर उपाय दोनच: रील आदल्या दिवशी कडकडीत वाळवून ठेवणं आणि काम पहाटे करणं. शेवटच्या धुण्याला बोअरिंगचं जड पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दुकानात सहज मिळतं, त्यात ओलावा पसरवणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब टाकले की डाग पडत नाहीत. वाळत घालायला न्हाणीघर सगळ्यात चांगलं. आधी गरम पाण्याची वाफ करून घ्यायची, तिच्याबरोबर हवेतली धूळ खाली बसते. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नये, त्यात विरघळलेली चांदी असते. जुने एक्स-रे विकत घेणारे लोक त्यातली चांदीच काढतात.

आता स्कॅनिंग. हौशी माणूस कॅमेऱ्यावर पन्नास हजार घालतो आणि स्कॅन लॅबमधला सगळ्यात स्वस्त घेतो, याचं मला कायम वाईट वाटतं. अमुक फिल्मचा रंग छान, तमुक फिल्मचा हिरवट, असं जे आपण बोलतो त्यातलं निम्मं श्रेय-अपश्रेय स्कॅन करणाऱ्याचं असतं. याचं कारण कलर निगेटिव्हच्या नारिंगी रंगात आहे.

ती नारिंगी झाक दोष झाकण्यासाठी मुद्दाम घातलेली आहे. कलर फिल्ममध्ये तीन थर असतात आणि धुताना त्यात निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग तयार होतात. आदर्श निळसर रंगाने फक्त लाल प्रकाश अडवायला हवा, पण प्रत्यक्षातला रंग थोडा हिरवा आणि निळा प्रकाशही अडवतो. किरमिजी रंगही थोडा निळा अडवतो. ही गळती फोटोत कुठे जास्त, कुठे कमी झाली असती तर रंग कधीच सुधारता आले नसते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी रंग तयार करणारी द्रव्यंच आधीपासून पिवळसर आणि गुलाबीसर करून ठेवली. जिथे खरा रंग तयार होतो तिथे ही झाक तेवढीच नाहीशी होते. परिणामी गळती संपूर्ण फोटोभर सारखी पसरते, आणि सारखी पसरलेली गोष्ट वजा करता येते. निगेटिव्ह उलटं करून ती नारिंगी वजा करताना किती निळं ठेवायचं, सावलीला किती हिरवं द्यायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. लॅबमध्ये ते यंत्राचा अंदाज आणि यंत्रापुढे बसलेल्या माणसाची नजर ठरवते. एकच पट्टी दोन लॅबमध्ये दिली तर दोन वेगळ्या संध्याकाळी परत येतात.

म्हणून निगेटिव्ह परत मागायचंच. हे मी पोळून शिकलो. कोकणातल्या एका चुलत बहिणीच्या लग्नाचे तीन रोल मी एका लॅबला दिले. स्कॅन मेलवर आले, छोटे, मोबाइलवर बरे दिसणारे. महिन्याने निगेटिव्ह आणायला गेलो तर ते टाकून दिले होते. आजकाल कुणी नेत नाही, असं सांगितलं. त्या फोटोंतल्या दोन माणसांचे मोठे फोटो पुढे भिंतीवर लावायची वेळ आली आणि त्या स्कॅनमधून चेहऱ्यांच्या जागी नुसते ठोकळे आले. आता रोल देतानाच पाकिटावर लिहितो: निगेटिव्ह परत हवं, कापायचं तर सहा-सहाच्या पट्ट्यांत.

घरी स्कॅन करायचं तर दोन वाटा आहेत. एक फ्लॅटबेड स्कॅनरची, ज्याच्या झाकणातही दिवा असतो. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असलं तरी अशा यंत्राचा खरा तपशील त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास थांबतो. २४०० धरून हिशेब करा. ३५ मिलिमीटरच्या चौकटीतून पावणेआठ मेगापिक्सेलच्या वर काही हाती लागत नाही. पण १२० च्या चौकोनी निगेटिव्हमधून त्याच यंत्रावर २८ मेगापिक्सेल मिळतात. बाबांची क्लिक थ्रीची निगेटिव्ह मी अशाच स्कॅनरवर केली आणि ती पुरेशी आहेत. त्या कॅमेऱ्याच्या साध्या काचेतून कडा तशाही मऊच येतात. घरात जुन्या १२० च्या निगेटिव्हचा डबा असेल त्याने महागड्या यंत्राच्या मागे लागू नये.

दुसरी वाट डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचाच फोटो काढायची. मॅक्रो लेन्स, कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड, फिल्म सपाट धरणारी चौकट आणि खालून चांगला पांढरा दिवा. दिव्याचा सीआरआय, म्हणजे तो रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, ९५ च्या वर असावा, नाहीतर त्वचेचे रंग किती घासले तरी जमत नाहीत. मोबाइलचा स्क्रीन दिवा म्हणून वापरायचा मोह होतो. त्यावर थेट निगेटिव्ह ठेवलं तर स्क्रीनचे ठिपके फोटोत उतरतात, मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक आणि दोन-तीन बोटांचं अंतर हवं. सगळ्यात किचकट असतं ते कॅमेरा आणि फिल्म एकमेकांना समांतर ठेवणं. त्याला एक युक्ती आहे. फिल्मच्या जागी लहानसा सपाट आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी आलं की दोन्ही समांतर. आरसा काढला, फिल्म ठेवली, अ‍ॅपर्चर एफ/८, टायमर लावून हात बाजूला. एक रोल वीस मिनिटांत होतो. दर वेळी फाइल मूळ रूपातच जपून ठेवायची, उलटी करून रंग लावलेली वेगळी. आज जमले नाहीत ते रंग दोन वर्षांनी जमतात.

धूळ हा या कामातला रोजचा वैरी. महागड्या स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढायची सोय असते. तिथे अवरक्त किरणांनी एक वेगळा स्कॅन होतो. कलर फिल्ममधल्या रंगांतून हे किरण आरपार जातात, धुळीच्या कणांतून जात नाहीत, त्यामुळे कण कुठे आहेत ते यंत्राला कळतं. कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र खरी चांदी असते आणि चांदी अवरक्त किरणही अडवते. यंत्राला सगळा फोटोच धूळ वाटतो. म्हणून कृष्णधवलसाठी रबरी फुंकणी आणि मऊ ब्रश, आणि पंखा बंद. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा बारीक थेंब जिलेटिनवर कायमचा बसतो.

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास आला तर उशीर करू नका. जुन्या फिल्मची अ‍ॅसिटेटची पट्टी उष्णता आणि दमटपणात कुजू लागली की असा वास येतो. पट्टी आकसते, वाकते आणि शेजारच्या पट्ट्यांनाही बाधते. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय सिनेमाच्या रिळांच्या बाबतीत याच रोगाशी झुंजतं. घरात एवढंच करता येतं की वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढायच्या आणि त्या आधी स्कॅन करायच्या. धुवायचा राहिलेला जुना कोडॅक्रोमचा रोल सापडला तर तो रंगीत होण्याची आशा सोडावी लागते. त्याचे रंग धुतानाच बाहेरून घालावे लागत आणि ते काम करणारी जगातली शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, नवे रोल घ्यायची २०१० च्या डिसेंबरअखेर थांबली. कृष्णधवल म्हणून मात्र अजून धुता येतो.

कॅमेऱ्याचा बाजार हा वेगळाच विषय. मुंबईत सीएसएमटीसमोरून फोर्टात शिरलं की बोरा बाजार, तिथे नव्या कॅमेऱ्यांच्या दुकानांच्या मधूनमधून दुरुस्तीची टेबलं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, जिथे तांब्यापितळेच्या भांड्यांशेजारी एखादी याशिका पडलेली असते. घेताना घाई करू नये. मी खिशात एक लहान टॉर्च आणि एक सेल घेऊन जातो.

पहिल्यांदा लेन्स काढून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं आणि मागून टॉर्च मारायचा. सरळ बघितलं तर स्वच्छ वाटणाऱ्या काचेत तिरक्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या हवेत पावसाळ्याचे चार महिने चामड्याच्या पिशवीत पडलेल्या कॅमेऱ्याला ती लागतेच. काठावर थोडी असेल तर साफ होते, मधोमध असेल आणि काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफ केल्यावरही तिचा नकाशा उरतो. मग अ‍ॅपर्चरच्या पात्या बघायच्या. तेलकट असल्या तर त्या आळसावतात. मागचं झाकण उघडून शटर एका सेकंदावर लावायचं आणि ऐकायचं. सेकंदभराची घरघर सलग हवी. अडखळली किंवा मध्येच थांबली तर आतलं वंगण सुकलं आहे. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर सावकाश स्पीड बऱ्यापैकी तपासता येतात. शटरचा पडदा कापडी असेल तर तो उजेडासमोर धरून सुईएवढी छिद्रं आहेत का ते बघायचं. सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या कॅमेऱ्यात लेन्स पडदा जाळते. झाकणाच्या खाचांतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर घाबरू नये, तो शंभर-दोनशे रुपयांत बदलता येतो. त्याच्या जोरावर भाव मात्र पाडता येतो.

सेल घालून मीटर चालतो का बघताना एक फसगत होते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कॅनोनेट किंवा मिनोल्टा एसआरटीसारख्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागे. पारा विषारी म्हणून तो बाजारातून गेला. त्या जागी दीड व्होल्टचा सेल बसतो, काटाही हलतो, पण बहुतेक वेळा तो उजेड जास्त दाखवतो आणि रोलभर फोटो अंधारे येतात. औषधांच्या दुकानात श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल मिळतो, तो १.४ व्होल्टच्या आसपास असतो आणि सभोवती रबराची कडी घातली की नीट बसतो. हवेवर चालत असल्यामुळे दोन-तीन महिन्यांत संपतो, पण मोजमाप बरोबर देतो. यापेक्षा सोपं हवं असेल तर सेलाशिवायही शटर चालणारा पेन्टॅक्स के-१००० किंवा निकॉन एफएम-२ बघावा. त्यात सेल फक्त मीटरपुरता.

पहिल्या कॅमेऱ्यासाठी दुर्मीळ लेन्सच्या नादी लागू नये. बाजारात काही कॅमेऱ्यांचे भाव निव्वळ कौतुकाने वाढले आहेत, त्यांच्या फोटोंनी नाही. त्या पैशांत साधा कॅमेरा, दहा रोल आणि चांगला दिवा येतो, आणि दहा रोलांनी जे शिकवलं असतं ते कुठलीही लेन्स शिकवत नाही. कॅमेरा घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावा, चामड्याची पिशवी वेगळी. आणि महिन्यातून एकदा सगळ्या स्पीडवर खटके मारावेत. वापरातला कॅमेरा कमी बिघडतो.

विकताना दोष आधी सांगायचा, हा नियम मी पहिल्यापासून पाळतो. या बाजारात माणसं पुन्हापुन्हा भेटतात. आज माझ्याकडून घेणारा उद्या मला लेन्स विकतो. ‘तपासलेला नाही’ असं लिहून विकणाऱ्याने बहुधा तपासलेला असतो, हेही अनुभवाने कळतं. म्हणून मी कॅमेऱ्यासोबत त्यातून नुकत्याच काढलेल्या रोलची एक पट्टी देतो. सहा फोटोंची, धुतलेली, साधी. कॅमेऱ्याची प्रकृती त्या पट्टीत लिहिलेली असते. दोन चौकटींमधलं अंतर सारखं असेल तर फिल्म ओढणारी चाकं ठीक. चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आकाश सारखं दाट असेल तर शटरचे दोन्ही पडदे एका चालीने धावतात. दातेरी छिद्रांच्या बाजूने धुरकट ओघळ नसतील तर झाकणातून उजेड झिरपत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझा के-१००० घ्यायला डोंबिवलीहून एक मुलगा आला. कॉलेजातला, पाठीवर सॅक. कॅमेऱ्याला त्याने हातसुद्धा लावला नाही. आधी पट्टी मागितली, पाकिटातून कडेला धरून अलगद बाहेर काढली, ट्यूबलाइटकडे धरली आणि एकेक चौकट बघत गेला. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीमधलं अंतर त्याने नखाने मोजलं. मग पट्टी परत पाकिटात घातली, पाकीट वहीच्या पानात ठेवलं आणि विचारलं, ‘‘काका, ही मी नेऊ ना?’’